ग्रीकमधला पूर्ण वर्तमानकाळ

आर्किमिडीजच्या तोंडचा ‘युरेका’ हा उद्गार शाळकरी मुलांनाही माहीत असतो. ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचवली विट्रुवियस या रोमन वास्तुविशारदाने. इ.स.पू. पहिल्या शतकात लिहिलेल्या त्याच्या ग्रंथाच्या नवव्या भागात ती आहे, आणि सगळं लॅटिनमध्ये सांगताना हा एक उद्गार त्याने ग्रीकच ठेवला आहे. मूळ उच्चार ‘हेउरेका’. पुढे युरोपात सुरुवातीचा ‘ह’ गळाला. नुसतं ‘मी शोधलं’ म्हणायचं असतं तर ग्रीकमध्ये ‘हेउरोन’ हे साध्या भूतकाळाचं रूप होतं. ‘हेउरेका’ त्याहून वेगळं आहे. शोध संपला, उत्तर आत्ता माझ्या हाती आहे, असं ते सांगतं. मराठीत ‘सापडलं’ आणि ‘सापडलंय’ यांत जो फरक आहे, तोच इथे आहे.

प्राचीन ग्रीक क्रियापदाचं हे रूप युरोपीय व्याकरणांत ‘परफेक्ट’ म्हणून ओळखलं जातं. त्याची घडण कशी होते आणि त्याचा अर्थ नेमका काय, या दोन प्रश्नांवर दीडशे वर्षं विद्वान भांडत आले आहेत. घडणीचं कोडं बरंचसं सुटलं आहे, अर्थाचं अजून पुरतं सुटलेलं नाही. आपल्याकडे ग्रीक शिकतात ते बहुधा इंग्रजी पुस्तकांतून. तिथे पहिल्याच धड्यांत या रूपाला ‘हॅव’ चिकटवून अर्थ पाठ करायला लावतात, आणि तेव्हापासून हा एक प्रकारचा भूतकाळ आहे असं मनात बसतं. माझ्या मते ही समजूत उलटी आहे. हे रूप मुळात वर्तमानाचं आहे, आणि ते ओळखायला संस्कृत आणि मराठी जाणणाऱ्याइतकी सोय इंग्रजी वाचकाला नाही.

आधी घडण. धातूचं पहिलं व्यंजन ‘ए’ लावून पुन्हा उच्चारायचं, हा मुख्य नियम. ‘लुओ’ म्हणजे सोडवतो, त्यावरून ‘लेलुका’. ‘ग्राफो’ म्हणजे लिहितो, त्यावरून ‘गेग्राफा’. (ग्रीकमध्ये ए ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन आहेत; देवनागरीत दोन्ही सारखेच लिहावे लागतात. थ, फ, ख मात्र अभिजात ग्रीकमध्ये आपल्यासारखेच महाप्राण होते, त्यामुळे त्यांचा उच्चार मराठी माणसाला शिकवावा लागत नाही.) संस्कृतच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट ओळखीची वाटेल: पाणिनीय परंपरेत द्वित्व झालेल्या पहिल्या भागाला ‘अभ्यास’ म्हणतात, आणि लिट् लकारात ददर्श, जगाम, बभूव ही रूपं अशीच होतात.

साम्य एवढ्यावर थांबत नाही. धातू महाप्राणाने सुरू होत असेल तर अभ्यासात महाप्राण राहत नाही. ‘फुओ’पासून ‘पेफुका’, तसंच भू पासून ‘बभूव’. आणि हे दोन धातू मुळात एकच आहेत. लागोपाठच्या दोन अक्षरांत महाप्राण आले तर पहिला अल्पप्राण होतो, हा नियम दोन्ही भाषांसाठी 1863 मध्ये हेर्मान ग्रासमानने मांडला. गणितातलं त्याचं काम आज फार मोठं मानलं जातं, आणि ऋग्वेदाचा कोश करणाराही हाच ग्रासमान.

दुसरा पुरावा मला अधिक सुंदर वाटतो. ‘कृ’ धातूचं लिट् ‘चकार’. अभ्यासातल्या क-वर्गाचा च-वर्ग होतो, हे पाणिनीने सातव्या अध्यायात (7.4.62) नोंदवलं आहे. पण का होतो? ‘करोति’मध्ये क च्या पुढे अ आहे, तिथे क जागचा हलत नाही. मग ‘चकार’मध्येच काय झालं? क चा च होतो तो पुढे इ किंवा ए सारखा तालव्य स्वर आला तर. म्हणजे कधी काळी या अभ्यासात अ नसून ए होता. त्या ए ने क ला च केलं, आणि पुढे संस्कृतच्या सगळ्या ऱ्हस्व ए प्रमाणे त्याचाही अ झाला. ए गेला, च राहिला. तो हरवलेला ए ग्रीकच्या ‘लेलुका’त आजही जागेवर दिसतो. 1870 च्या दशकात ही गोष्ट अनेक अभ्यासकांच्या लक्षात जवळजवळ एकाच वेळी आली, आणि दोन्हींच्या सामाईक मूळ भाषेचे स्वर संस्कृतने नव्हे तर ग्रीकने अधिक नीट जपले आहेत, हे मान्य करावं लागलं. तोवर संस्कृतलाच सगळ्यांत जुनं मानण्याची रीत होती.

अपवाद पुष्कळ आहेत, सगळे इथे सांगण्यात अर्थ नाही. जोडाक्षराने सुरू होणाऱ्या अनेक धातूंना नुसता ए लागतो: ‘एग्नोका’, म्हणजे मला कळलंय. स्वराने सुरू होणाऱ्यांचा स्वर दीर्घ होतो. ‘हेउरेका’ याच गटातलं, फक्त त्यातला जोडस्वर बहुधा जसाच्या तसा राहिलेला दिसतो. काहींत स्वरासकट अख्खं अक्षर दुहेरी होतं, जसं ‘अकेकोआ’, मी ऐकलंय. या शेवटच्या प्रकाराचा खुलासा शंभर वर्षांपूर्वी कुणालाच देता येत नव्हता. मूळ भाषेत या धातूंच्या आधी एक कंठ्य व्यंजन असावं, ते ग्रीकमध्ये लुप्त झालं पण द्वित्वात खूण सोडून गेलं, असं आज मानतात. अशा लुप्त ध्वनींची कल्पना स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरने 1879 च्या आपल्या निबंधात निव्वळ तर्काने केली होती. 1927 मध्ये पोलिश अभ्यासक कुरिलोविचने हित्ती भाषेत तो ध्वनी लिहिलेला दाखवला.

धातूतला स्वरही बदलतो. ‘लेइपो’ (सोडून जातो), ‘एलिपोन’ (सोडून गेलो), पण ‘लेलोइपा’. वर्तमानात ए, साध्या भूतकाळात काहीच नाही, आणि या रूपात ओ. संस्कृतमधला याचा भाऊ रिच् धातू, लिट् ‘रिरेच’. ‘लेलुका’तला क मात्र नंतरचा पाहुणा आहे. होमरच्या महाकाव्यांत तो दीर्घ स्वरान्त धातूंपुरता, आणि तोही मुख्यतः एकवचनात दिसतो: ‘हेस्तेका’ म्हणजे मी उभा आहे, पण आम्ही उभे आहोत हे ‘हेस्तामेन’. पुढच्या दोनतीनशे वर्षांत हा क सगळीकडे पसरला आणि आज पाठ्यपुस्तकांत तोच नियम म्हणून शिकवला जातो. विद्यार्थ्याने हे लक्षात ठेवावं: क नसलेली रूपं अपवाद वाटतात, खरं तर ती जुनी आहेत.

जुन्या थरातलं सगळ्यांत जुनं रूप मात्र अभ्यासाविनाच उभं आहे. ‘ओइदा, ओइस्था, ओइदे’: मला माहीत आहे, तुला माहीत आहे, त्याला माहीत आहे. संस्कृतमध्ये ‘वेद, वेत्थ, वेद’. होमरचं अनेकवचन ‘इद्मेन’, संस्कृत ‘विद्म’. धातू ‘पाहणे’ या अर्थाचा. पाहिलेलं आहे म्हणून माहीत आहे. या धातूचं कृदन्त ग्रीकमध्ये पुल्लिंगी ‘एइदोस’ आणि होमरमध्ये स्त्रीलिंगी ‘इदुइआ’. संस्कृतमध्ये ‘विद्वान्’ आणि ‘विदुषी’. आपण रोज वापरतो ते हे दोन शब्द या प्राचीन रूपाचे मराठीत जिवंत राहिलेले अंश आहेत.

इथून अर्थाकडे वळता येतं, कारण ‘वेद’चा अर्थ कुणीही भूतकाळात करत नाही. पाणिनीनेही केला नाही. लिट् हा न पाहिलेल्या, परोक्ष भूतकाळासाठी आहे असं तो तिसऱ्या अध्यायात (3.2.115) सांगतो, पण त्याच अध्यायात पुढे (3.4.83) विद् धातूला वर्तमानकाळातच विकल्पाने लिट् चे प्रत्यय लावायची मुभा देतो. लगेच पुढच्या सूत्रात ‘आह’ची व्यवस्था लावतो, तेही दिसायला लिट्, अर्थाने ‘म्हणतो’. पाणिनी ऐतिहासिक भाषाशास्त्र सांगत नव्हता, आपल्या काळची भाषा मोजत होता. त्या काटेकोर मोजणीमुळेच एक जुना अवशेष आपोआप नोंदला गेला: लिट् चे प्रत्यय घेऊन वर्तमानाचा अर्थ देणारी ही रूपं. ऋग्वेदात तर असे अवशेष आणखी आहेत. ‘बिभाय’ म्हणजे घाबरतो, ‘तस्थौ’ म्हणजे बऱ्याच ठिकाणी उभा आहे.

होमरची ग्रीक याच अवस्थेत आहे. ‘तेथ्नेके’ म्हणजे मेलेला आहे. ‘हेस्तेके’ म्हणजे उभा आहे. ‘देदोर्के’, जो आपल्या ‘ददर्श’चा जुळा भाऊ, त्याचा अर्थ नजर लावून पाहतो आहे. सकर्मक वर्तमानकाळाशेजारी हे रूप अकर्मक असतं: ‘पेइथो’ म्हणजे पटवतो, पण ‘पेपोइथा’ म्हणजे माझा भरवसा आहे, ‘ओल्लुमि’ म्हणजे नाश करतो, पण ‘ओलोला’ म्हणजे माझा नाश झाला आहे. कुणी काय केलं यापेक्षा कर्ता कोणत्या स्थितीत आहे, हे त्यातून कळतं. होमरच्याही काही शतकं आधीचा पुरावा आता उपलब्ध आहे. मायकेल व्हेंट्रिसने 1952 मध्ये जुन्या ग्रीकची लिनिअर बी ही लिपी उलगडली, आणि मातीच्या पाट्यांवरच्या हिशेबांत या रूपाची कृदन्तं सापडली: काम पुरं झालेली चाकं, साज जोडलेले रथ. रूप कर्तरी, अर्थ स्थितीचा, आणि मध्ये क नाही. कारकुनाला चाक कुणी केलं याच्याशी कर्तव्य नव्हतं. तयार आहे की नाही एवढंच नोंदवायचं होतं.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला लांब जावं लागत नाही. ‘तो बसलाय’ म्हणजे या क्षणी बसलेला आहे. ‘तो झोपलाय’, ‘भूक लागलीय’, ‘दार उघडलंय’, या सगळ्यांत क्रिया मागे आणि स्थिती समोर. इंग्रजीला ‘बसलाय’साठी चालू वर्तमानकाळ घ्यावा लागतो आणि ‘मेलाय’साठी विशेषण. म्हणून इंग्रजी व्याकरणांत ‘हेस्तेके’ आणि ‘तेथ्नेके’ अपवादांच्या यादीत जातात. मराठीत ती यादीच करावी लागत नाही.

ही स्थिती आणि क्रिया यांची फारकत किती दूरवर जाते हे प्लेटोच्या ‘फायदो’ या संवादात दिसतं. आत्मा मरणानंतर टिकतो हे सिद्ध करताना सॉक्रेटिस विरोधी जोड्या घेतो. जागं असणं आणि झोपलेलं असणं या दोन स्थिती. त्यांच्यामधल्या दोन क्रिया म्हणजे जागं होणं आणि झोपी जाणं. तसंच जिवंत असणं आणि मेलेलं असणं या स्थिती. त्यांच्यामध्ये मरणं ही एक क्रिया, तर उलट दिशेची, पुन्हा जिवंत होण्याचीही, असलीच पाहिजे. ग्रीकमध्ये ‘मेलेलं असणं’ हे ‘तेथ्नानाइ’, आपल्या चर्चेतलं रूप. ‘मरणं’ हे वर्तमानकाळाच्या धातुरूपातलं ‘अपोथ्नेस्केइन’. ‘जागं असणं’ हेही याच रूपातलं, ‘एग्रेगोरेनाइ’. युक्तिवाद पटो न पटो, त्याची सगळी मांडणी क्रियापदाच्या रूपांवर उभी आहे, आणि दोन्हींचं भाषांतर नुसतं ‘मृत्यू’ असं केलं की ती कोसळते. (‘एग्रेगोरा’पासूनच पुढे ‘जागा राहतो’ असं नवं क्रियापद झालं, आणि त्यावरून ग्रेगरी हे नाव.)

वाद सुरू होतो तो होमरनंतर. इ.स.पू. पाचव्या शतकापासून सकर्मक रूपं भराभर वाढतात: मी दिलंय, त्याने लिहिलंय, त्यांनी सन्मान केलाय. आता ‘स्थिती’ कुणाची? 1904 मध्ये याकोब वाकरनागेलने उत्तर दिलं: कर्माची. पत्र लिहिलंय म्हणजे पत्र लिहिलेल्या अवस्थेत आहे. वाकरनागेल संस्कृत व्याकरणाच्या इतिहासाचा सर्वांत मोठा जाणकार, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. पिएर शांत्रेनने 1927 मध्ये फ्रेंचमध्ये या रूपाचा इतिहास लिहिला आणि ही तीन टप्प्यांची मांडणी पक्की केली: आधी कर्त्याची स्थिती, मग कर्मावरचा परिणाम, शेवटी नुसता भूतकाळ. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं हीच पाठ्यपुस्तकांची भूमिका होती.

1965 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या के. एल. मॅके यांनी तिला हरकत घेतली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापर्यंतची उदाहरणं तपासून त्यांनी म्हटलं की हे रूप कायम कर्त्याचीच स्थिती सांगतं. सकर्मक असलं तरी केल्याचं श्रेय, दोष, जबाबदारी कर्त्याच्या अंगावर आहे, असा त्याचा रोख असतो. मला वाकरनागेलपेक्षा हे जास्त पटतं. होमरमध्येही ‘एओर्गे’ (केलंय) आणि ‘ओपोपा’ (मी पाहिलंय) अशी सकर्मक रूपं आहेतच, आणि ‘मी पाहिलंय’मध्ये पाहिलेल्या वस्तूवर कसलाच परिणाम होत नाही, बदललेला असतो तो पाहणारा. कर्मावरच्या परिणामाचा सिद्धान्त इथे लंगडा पडतो. शुभवर्तमानात रोमन सुभेदार पिलाताकडे लोक येशूच्या क्रूसावरच्या फलकाचा मजकूर बदलण्याची मागणी करतात, तेव्हा त्याच्या उत्तरात ‘गेग्राफा’ हे रूप दोनदा येतं. मी लिहून ठेवलंय, त्याला मी बांधलेला आहे, असा त्याचा सूर. फलकाची अवस्था सांगण्याचं तिथे काही कारण नाही, ती सगळ्यांना दिसतेच आहे.

तरीही वाकरनागेलची एक गोष्ट खरी राहते: काहीतरी बदललं होतं. एमिल बेनवेनिस्तने 1952 मध्ये त्याकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं. ग्रीकमध्ये या रूपाच्या कर्मणी प्रयोगात कर्ता चतुर्थीत येतो, ‘हे मला केलेलं आहे’ अशा घडणीने. प्राचीन इराणीतल्या बेहिस्तून शिलालेखात राजा दारयवहू ‘माझं केलेलं’ अशी रचना करतो. बेनवेनिस्तच्या मते ही मालकीची रचना आहे: केलेलं काम कर्त्याच्या नावावर जमा होतं. फ्रेंच अभ्यासकाला हे पटवून द्यायला एक लेख लिहावा लागला. मराठीत आपण दिवसातून दहादा ‘माझं जेवून झालंय’, ‘माझं वाचून झालंय’ म्हणतो.

अथेन्सच्या सार्वजनिक लेखांतही हा फरक दगडावर कोरलेला आहे. ठरावाच्या सुरुवातीला ‘एदोक्से’, म्हणजे सभेला योग्य वाटलं, हा साधा भूतकाळ; सभेने त्या दिवशी निर्णय घेतला ही घटना. ठरावाचा मसुदा मांडताना मात्र ‘देदोख्थाइ’, म्हणजे ठरलेलं असावं. घटना एका दिवसाची, ठराव पुढे लागू राहणारा.

या सगळ्याचा शेवट कसा झाला? नव्या कराराच्या ग्रीकमध्ये जुना अर्थ आणि त्याची झीज, दोन्ही शेजारी दिसतात. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल ख्रिस्ताबद्दल चार क्रियापदं ओळीने वापरतो. मेला, पुरला गेला, दिसला, ही तीन साध्या भूतकाळात. उठवला गेला, हे एकच ‘एगेगेर्ताइ’, म्हणजे उठवलेला आहे. लेखकाने रूप जाणीवपूर्वक निवडलं आहे यात मला शंका वाटत नाही; पुढचा सगळा अध्याय त्या एका रूपावर चालतो. पण मत्तयमधल्या मोती घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या दाखल्यात ‘विकलं’ या रूपात आणि ‘विकत घेतलं’ साध्या भूतकाळात आहे, आणि अर्थात फरक दाखवणं अवघड जातं. मॅके इथेही स्थिती शोधतात, ते मला ओढूनताणून वाटतं. त्या काळच्या पपायरसांवर तर प्रत्ययही एकमेकांत मिसळलेले दिसतात. तृतीय पुरुषी अनेकवचनाला साध्या भूतकाळाचा ‘आन’ लागू लागतो. रूप आणि अर्थ दोन्हींकडून वेगळेपण गेलं की एक जण जाणारच. लॅटिनमध्ये ही दोन रूपं आधीच एक झाली होती, तिचाही धक्का लागला असावा असं काहींचं मत आहे.

नव्या कराराच्या अभ्यासकांत हा वाद 1989 नंतर पुन्हा पेटला. स्टॅन्ली पोर्टर यांनी काळ पूर्ण बाजूला सारून ‘स्थिती’ हीच या रूपाची एकमेव ओळख मानली; पुढच्याच वर्षी ब्युइस्ट फॅनिंग यांनी पूर्वीची क्रिया, आत्ताची स्थिती आणि काळ या तिन्हींची मिळून व्याख्या केली; 2007 मध्ये कॉन्स्टंटाइन कॅम्बेल यांनी तर ते अपूर्ण क्रियेचं रूप ठरवलं. या तिघांत फॅनिंग यांची मांडणी मला कमी आकर्षक आणि जास्त खरी वाटते. भाषा हजार वर्षांत बदलते, एका व्याख्येत मावत नाही.

आजच्या ग्रीकमध्ये अभ्यास असलेलं रूप बोलण्यातून गेलं आहे. पूर्ण क्रियेसाठी ‘एखो’, म्हणजे ‘माझ्याकडे आहे’, हे सहायक क्रियापद लावतात. कृदन्त राहिलं पण अभ्यास गळाला: ‘गेग्रामेनोस’चं ‘ग्रामेनोस’. आणि ‘हेउरेका’ झिजून ‘व्रीका’ झालं, अर्थ नुसता ‘मला सापडलं’, साधा भूतकाळ. संस्कृतमध्येही तेच घडलं. ऋग्वेदात ‘उभा आहे’ सांगणारा लिट् महाभारतात कथनाचा भूतकाळ झाला, प्रत्येक पात्राच्या बोलण्याआधी ‘उवाच’ येऊ लागलं. एकमेकांशी संपर्क तुटल्यावर दोन भाषांनी स्वतंत्रपणे तोच रस्ता धरला: स्थिती, मग परिणाम, मग भूतकाळ.

प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञांनी या रूपाला जे नाव दिलं होतं ते एका टीकाकाराने जपून ठेवलं आहे: पूर्ण झालेला वर्तमान. पुढच्या ग्रीक वैयाकरणांनी त्याला भूतकाळांच्या यादीत टाकलं, लॅटिनने तीच यादी उचलली आणि युरोपीय पाठ्यपुस्तकांतून ती आपल्याकडे आली. मराठी शालेय व्याकरणात मात्र ‘मी लिहिले आहे’ला पूर्ण वर्तमानकाळच म्हणतात. स्टोइकांचं म्हणणं बरोबर होतं.

महाराष्ट्राचा आणि या भाषेचा संबंध परका नाही. संस्कृतात पारंगत असलेल्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. 1922 मध्ये निधन होईपर्यंत केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हे काम चाललं होतं. आजही पुण्यातल्या धर्मशिक्षणाच्या संस्थांत नव्या कराराची ग्रीक शिकवली जाते. तिथे आणि इतरत्रही जे कुणी मराठी विद्यार्थ्यांना ग्रीक शिकवतात त्यांना विनंती आहे: या रूपाचा धडा ‘लेलुका’ने आणि इंग्रजी ‘हॅव’ने सुरू करू नका. फळ्यावर आधी ‘ओइदा, ओइस्था, ओइदे’ लिहा, शेजारी ‘वेद, वेत्थ, वेद’ लिहा, आणि अर्थ मराठीत ‘-लंय’ लावून सांगा.